प्रकल्पाची प्रत होती, नकाशा नव्हता

मांजरा खोऱ्यातील पाझर तलावांचा नकाशा मी लातूरला बसून क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या संगणकप्रणालीत करीत होतो आणि रोज रात्री प्रकल्पाची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन निर्धास्त झोपत होतो; लॅपटॉप बिघडल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडली, तेव्हा समोर आली केवळ न सापडलेल्या थरांची, म्हणजे नकाशावर एकावर एक रचलेल्या माहितीसंचांची, यादी. प्रकल्पाची ही क्यूजीझेड फाइल मुळात झिप फाइल असते; तिच्यात थरांचे रंग, मांडणी आणि थरांच्या फाइलींचे पत्ते असतात, थरांमधली माहिती नव्हे. आता सारे थर प्रकल्पाशेजारीच जिओपॅकेजमध्ये, म्हणजे अनेक थर मावणाऱ्या एकाच फाइलीत, ठेवतो आणि क्यूजीआयएस बंद करूनच संपूर्ण फोल्डरची प्रत घेतो, कारण काम चालू असताना जिओपॅकेजलगत डब्ल्यूएएल नावाची तात्पुरती फाइल असते आणि ताजे बदल कधीकधी तिच्यातच राहिलेले असतात. (शेपफाइल या थर ठेवण्याच्या दुसऱ्या स्वरूपात लागणारी डीबीएफ, एसएचएक्स ही भावंडे, म्हणजे सोबतच्या फाइली, सांभाळण्याचा जाचही त्यामुळे गेला.)