ते वाक्य मी म्हटलं होतं

तुम्ही विचारलंत म्हणून. तुम्ही पहिले नाही. बार्शीला गेले की लग्नात, बारशात, एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडून हाच प्रश्न येतो: "तिकडचे ते जिप्सी मूळचे आपलेच ना हो? कसे असतात?"

दोष माझाच आहे. चेकियात ओस्त्रावाला येऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा २०१० साली एका दिवाळी अंकात मी 'आपले हरवलेले भाऊबंद' नावाचा लेख लिहिला. त्यात शेकोटी होती, व्हायोलिन होतं, घेरदार घागरे होते आणि 'वाऱ्यासारखे मुक्त' हे शब्द दोनदा होते. तोवर एकाही रोमा माणसाशी (जिप्सी म्हणतात ते हेच) मी बोलले नव्हते. कॉलेजात वहीवर 'जिप्सी' अशी सही करणाऱ्या मुलीकडून दुसरं काय निघणार?

मूळचे आपले का? त्यांची रोमानी भाषा तरी हो म्हणते. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. कानाला कान, काळ्याला कालो, बहिणीला फेन. हजारेक वर्षांपूर्वी ही माणसं उत्तर भारतातून निघाली, यावर अभ्यासकांचं फारसं दुमत नाही. झालं उत्तर. पण एवढ्यावर तुमचं समाधान होत नाही, तुम्हाला घागरे हवे असतात.

वाऱ्यासारखे मुक्त! आजच्या रुमानियाच्या भागात त्यांना सुमारे पाचशे वर्षं गुलाम म्हणून विकलं जायचं. ते थांबलं १८५५-५६ साली. चेक प्रदेशातले मूळचे रोमा दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ संपलेच. ज्या लेटी गावच्या छावणीतून शेकडो जणांना नाझींच्या ऑशविट्झ मृत्युछावणीत पाठवलं, त्या जागी सत्तरच्या दशकात डुकरांचा फार्म उभा राहिला. तो पाडला २०२२ साली. आज माझ्या शहरात जे रोमा आहेत, त्यांतल्या बहुतेकांचे आजी-आजोबा युद्धानंतर स्लोव्हाकियातून खाणीत आणि पोलादाच्या कारखान्यात राबायला आले. तेही पिढ्यान्‌पिढ्या घरं करून राहणारेच. जे थोडे फिरत होते, त्यांचं फिरणं १९५८ च्या कायद्यानं बंद केलं. माझ्या मैत्रिणीच्या आजोबांनी घोडागाडी कधी हाकली नाही. ते भट्टीवर होते.

आता ते घराचं सांगते. लेखात ते आलं नाही, कारण ते नंतर घडलं. नंतरही मी ते कुठे लिहिलं नाही, याला मात्र कारण नाही.

२०११ चा नोव्हेंबर. नवऱ्याच्या कंपनीनं दिलेली खोली सोडायची होती आणि मला सातवा महिना लागला होता. सबब म्हणून सांगत नाही. खरं तर सबब म्हणूनच सांगतेय. नवऱ्याच्या एका चेक सहकाऱ्यानं फोन करून चौकशी केली. घर रिकामं आहे, चारला या, असं ठरलं. नवऱ्याची पाळी होती, मी एकटी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडलं ते सत्तरीच्या, नीटनेटक्या बाईंनी. त्यांनी माझा चेहरा बघितला, पोट बघितलं, पायातले बूट बघितले. म्हणाल्या, घर कालच दिलं. तासाभरापूर्वी फोनवर ते रिकामं होतं. तेवढं चेक मला कळत होतं. दाराची साखळी त्यांनी काढलीच नव्हती, हेही मला दिसत होतं.

तेव्हा मी ते वाक्य म्हटलं. "नेइसेम रोमका. इसेम झ इंडिये." मी रोमा नाही, मी भारतातली आहे. कोणी शिकवलं नव्हतं. व्याकरणाचा वर्ग नुकता सुरू झाला होता, आणि माझ्या तोंडून निघालेलं पहिलं बिनचूक चेक वाक्य हे होतं.

साखळी निघाली. बाई अक्षरशः लाजल्या. आत नेलं, खुर्ची दिली, लिंबाचा चहा दिला. त्यांची सून योगाच्या वर्गाला जाते हे सांगितलं. घर कुणालाच दिलेलं नव्हतं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "राग मानू नका हं, मला वाटलं... तुम्ही नवीन आहात, ते कसे असतात तुम्हाला माहीत नाही." मी मान डोलावली. नुसती ऐकून घेतल्याची नव्हे, चांगली हो म्हणणारी. भाऊबंदांवर लेख लिहून वर्ष झालं होतं.

त्या घरात आम्ही सहा वर्षं राहिलो. बाई आमच्याशी फार चांगल्या वागल्या.

मैत्रीण भेटली ती लेकीमुळे, झोपाळ्यापाशी. ती रुग्णालयात सफाईचं काम करते. लहानपणी तिला मतिमंद मुलांच्या शाळेत घातलं होतं. का, तर पहिलीत चेक नीट येत नव्हतं. घरात रोमानी बोलायचे ना. या शहरातल्या अशाच अठरा मुलांचा खटला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेला आणि २००७ साली जिंकला. न्यायालयापुढच्या आकड्यांप्रमाणे इथल्या रोमा मुलाला तसल्या शाळेत टाकलं जाण्याची शक्यता इतरांच्या सत्तावीस पट होती. मैत्रिणीला तो निकाल ठाऊक आहे. "तोवर माझी शाळा संपली होती," एवढंच ती म्हणाली. एकदा तिनं सहज विचारलं, "त्या इमारतीत आमच्या कुणालाच घर देत नाहीत. तुला कसं मिळालं?" मी म्हटलं, कंपनीनं बघून दिलं.

आता 'आपले' या शब्दाचा मला राग येतो, तो यामुळे. आणि आजीमुळे. पारधी गावाबाहेर उतरले की आजी परसातली भांडी आत घ्यायची आणि आम्हाला कडी लावायला सांगायची. पारध्यांसारख्यांना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली गेला, आजीच्या तोंडातून तो शेवटपर्यंत गेला नाही. गावाबाहेरचे आपल्याला आपले वाटत नाहीत, आणि सहा हजार किलोमीटरवरचे लगेच भाऊबंद?

असं मी मैत्रिणीला एकदा तावातावानं ऐकवलं. तिनं हसून घेतलं. आठ एप्रिलला, रोमा दिनाला, ती खिडकीत त्यांचा झेंडा लावते. वर निळा, खाली हिरवा, मधे लाल चाक. ते चाक तुमच्याकडून घेतलंय, असं मला अभिमानानं सांगते. तिच्या मामाचं व्हायोलिनही खरंच आहे, लग्नात वाजवतो आणि ऐकताना मी रडते. म्हणजे त्या लेखातलं सगळंच खोटं होतं असं म्हणायची सोय तिनं मला ठेवलेली नाही. मला ती 'फेन' म्हणते. मी तिला अजून तसं म्हटलेलं नाही.

गेल्या महिन्यात तिच्या थोरलीला नोकरी लागली. मुलगी घर शोधतेय. फोनवर सगळीकडे रिकामं असतं. परवा मैत्रीण म्हणाली, "शनिवारी तू तिच्याबरोबर जा. भाची आहे म्हण, इंडियेची. तुला ते म्हणता येतं."

ती कसल्याही खोचक सुरात बोलली नाही. मी बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिला माहीत आहे का, ते मला कळलं नाही.

आज गुरुवार आहे.