गुळव्याची लेक

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, शाळेनं तुम्हाला काय दिलं ते सांगा, असं समितीचं पत्र आलं. शाळेनं मला पेटी दिली. सातवीत असताना संगीताच्या सरांनी प्रार्थनेच्या पेटीवर मला बसवलं आणि आज त्याच वाद्यावर माझं घर चालतं. सरांविषयी माझ्या आधीच्या आणि नंतरच्या कितीतरी मुलांनी लिहिलं आहे, या अंकातही कुणीतरी लिहीलच. मला लिहायचं आहे ते अशा माणसाविषयी, ज्याचा शाळेशी संबंध प्रगतिपुस्तकावरच्या सहीपुरताच होता. माझे वडील. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो.

आप्पा गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळावर गूळ तयार करणारा कारागीर. आमचं गाव प्रयाग चिखली, कोल्हापूरजवळ नद्यांच्या संगमावरचं. जमीन नावाला, त्यामुळं दसरा-दिवाळीपासून शिमग्यापर्यंत गुऱ्हाळ आणि उरलेलं वर्ष मिळेल ते काम: पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतात रोपलावण, मधल्या दिवसांत मार्केट यार्डात हमाली. गुऱ्हाळाचा दिवस पहाटे दोन-तीनला सुरू व्हायचा. आम्ही उठायचो तेव्हा आप्पांचं पहिलं आधण, म्हणजे रसाचा पहिला घाणा, शिजून उतरलेलं असायचं.

ज्यांनी गुऱ्हाळ नुसतं रस प्यायला पाहिलं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. घाण्यातून रस येतो तो काहिलीत, म्हणजे मोठ्या उथळ कढईत जातो. तिच्याखालच्या चुलवाणात, म्हणजे भट्टीत, चिपाडाचा जाळ. रस तापला की चुन्याची निवळी, भेंडीचा चिकट रस घालायचा, म्हणजे मळी वर येते. ती काढत राहायचं. एक टन ऊस गाळला तर साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो, बाकी सगळं पाणी, तेवढं आटवायचं. शेवटी शेवटी पाक ११८ अंशांच्या आसपास जातो आणि तिथून पुढं गुळव्याची परीक्षा असते. काहील लवकर उतरवली तर गूळ ओला राहतो, रवा धरत नाही. थोडा उशीर झाला तर करपतो, काळा पडतो, आणि सौद्यात शेतकऱ्याचा भाव पडतो. वर्षभराचा ऊस एका माणसाच्या अंदाजावर असतो. आप्पांनी थर्मामीटर कधी वापरला नाही. गुऱ्हाळावर तो नव्हताही.

रविवारी मी डबा घेऊन जायची. आप्पा काहिलीपाशी उभे असायचे, अंगात बंडी, डोक्याला टॉवेल, धुरानं डोळे लाल. पाक बघताना ते वाकून बघायचे नाहीत. मान थोडी तिरकी करून ऐकायचे. कडेला थंड पाण्याचं घमेलं असायचं. त्यात पाकाचे चार थेंब टाकायचे, बोटांनी गोळी वळायची आणि ती काहिलीच्या काठावर मारायची. 'थप' असा आवाज आला की अजून जाळ. 'टण्ण' आला की हाळी: "उतरा रं!"

एकदा मला म्हणाले, "पाठ कर तिकडं. आन् सांग, कवा उतरायची."

मी काहिलीकडं पाठ करून उभी राहिले. आधी नुसती खळखळ ऐकू येत होती, सगळीकडून सारखी. मग तिच्यात खालून एक जाड आवाज मिसळायला लागला. हळूहळू खळखळ कमी झाली आणि तो जाड आवाजच उरला, फुगे फुटायला वेळ घ्यायला लागले. मी म्हटलं, "आता." आप्पा म्हणाले, "थांब की वाईच." आणि थोड्या वेळानं त्यांची गोळी काठावर वाजली, टण्ण. पुढं पुढं माझं 'आता' आणि त्यांची गोळी जवळ जवळ यायला लागली. तो आमचा दोघांचा रविवारचा खेळच झाला. आई रागवायची, धुरात पोरीला कशाला उभी करता म्हणून. मला मात्र डबा रिकामा झाला तरी घरी जावंसं वाटायचं नाही.

शाळेच्या एका स्नेहसंमेलनाला आप्पा आले होते. कामावरून थेट आले, मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभे राहिले. मी दोन नाट्यपदांना पेटीची साथ केली. टाळ्या झाल्या, सरांनी पाठ थोपटली. घरी परतताना शिवाजी पुलावर आप्पा म्हणाले, "तुझ्या पेटीचं वारं गळतंय. उजव्या अंगानं." मी दचकले. भाता जड जातोय, सूर लवकर दमतोय, हे माझ्या हाताला रोज जाणवत होतं, पण असं का होतंय हे मला सांगता येत नव्हतं. त्यांनी ते सभागृहाच्या मागच्या भिंतीपाशी उभं राहून ऐकलं होतं. चुलवाणाला वारं कसं लागतं, कुठून फुकट जातं, हे रात्रभर ऐकणारा कान होता तो.

दुसऱ्या दिवशी ते सरांना भेटले. पेटी दोन दिवसांसाठी घरी न्यायची परवानगी मागितली. सरांनी दिली, याचं मला आजही कौतुक वाटतं. शाळेची पेटी गुळव्याच्या हाती देणं ही साधी गोष्ट नव्हती. आप्पांनी ओळखीच्या चपला करणाऱ्याकडून पातळ, मऊ कातड्याची पट्टी आणली. गुऱ्हाळावरच्या निखाऱ्यावर वाटीत सरस वितळवला. तो बोटात धरून त्याची तार बघितली, आणि मगच भात्याच्या कोपऱ्याला लावला. त्यांच्या तळहातावर भाजल्याचे पांढरे डाग आहेत, बोटांची टोकं जाड झालेली. त्या बोटांनी त्यांनी घडी इतकी बारीक बसवली की सर चष्मा लावून शोधत राहिले, जोड कुठं आहे म्हणून. त्यानंतर आमच्या बॅचनं, १९८८ च्या दहावीनं, शाळा सोडेपर्यंत रोज सकाळी त्याच पेटीवर प्रार्थना म्हटली.

दहावीनंतर माझी स्वतःची पेटी हवी, असं सर म्हणाले. मिरजेला एक वृद्ध वादक आपली खर्ज-नर सुरांची, म्हणजे खालचा आणि मधला असे दोन सूर एकत्र वाजणारी पेटी विकणार होते. किंमत ऐकून आई गप्प झाली. आप्पांनी गुऱ्हाळाच्या मालकाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतली. उचल म्हणजे काय हे आमच्याकडं लहान मुलालाही ठाऊक असतं. ते पैसे घामानंच फेडायचे, आणि तोवर दुसरीकडं जास्त मजुरी मिळाली तरी जायचं नाही. तो सगळा हंगाम आप्पा त्या पेटीसाठी राबले. भावकीतल्या एकानं ओसरीवर बसून विचारलं, पोरीला पेटी कशाला, लग्नात देणार का? आप्पा तंबाखू मळत म्हणाले, "वाजवू दे की. तुमचं काय इस्कटतंय?" एवढंच. त्यावर वाद नाही, भाषण नाही. पुन्हा कुणी आमच्या दारात तो विषय काढला नाही.

मी आज गाण्याला पेटीची साथ करते आणि मुलांना शिकवते. साथीला बायका कमीच, माझ्या सुरुवातीला तर फारच कमी. आणि पेटीलासुद्धा कमी सोसावं लागलं नाही. १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीवर तिला बंदी होती, कारण तिच्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, तिचे सूर जागच्या जागी ठोकलेले. हे खरंच आहे. म्हणून साथ करणाऱ्याला कुठं वाजवायचं याच्याइतकंच कुठं हात उचलायचा हे कळावं लागतं. गायक तान घेऊन समेकडं, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडं यायला लागला की त्याच्या आवाजाचं वजन बदलतं. ते ज्याला आधी ऐकू येतं तोच त्याच्याबरोबर समेवर पोचतो. मला ते ऐकू येतं. विद्यार्थी विचारतात, मॅडम, हे कसं शिकलात? मी सरांचं नाव सांगते, ज्यांच्याकडं पुढं शिकले त्यांचं सांगते, आणि मग काहिलीचं सांगते. मुलांना वाटतं मॅडम गोष्ट सांगतायत. पण पाठमोरं उभं राहून ऐकायची ती सवय मला दुसऱ्या कुणी लावली नाही.

कोल्हापूरच्या गाण्याचा इतिहास सांगताना आपण अभिमानानं शाहू महाराजांचं नाव घेतो, आणि घ्यावंच. थोर गायक अल्लादियाखाँसाहेब त्यांच्या आश्रयानं इथं आले, त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथं रुजली. त्याच सुमारास, १८९५ मध्ये, महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि इथल्या गुळाला हक्काचा बाजार मिळाला. गाणं आणि गूळ एकाच राजानं एकाच काळात या गावात वाढवलं. सर आम्हाला देवल क्लबात मैफिलींना नेऊन बसवायचे. पेटीवादक गोविंदराव टेंबे कोल्हापूरचेच, त्यांच्यामुळं पेटीला काय मान मिळाला, हे मी तिथंच पहिल्यांदा ऐकलं. ते सांगताना सरांचा ऊर भरून यायचा. गुळाची बाजू मात्र मला कुणी पुस्तकातून शिकवली नाही. ती आप्पांच्या अंगाला येणाऱ्या वासातून कळली.

आप्पांना कुस्तीचा नाद. खासबागेत कितीतरी मैदानं त्यांनी पाहिली. पण त्याच भिंतीला लागून असलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहात ते कधी गेले नव्हते. मी तिथं पहिल्यांदा साथीला बसले तेव्हा आले. आत पाय टाकताना चपला बाहेर काढायला लागले, मी म्हटलं, "आप्पा, राहू द्या, घालूनच या." ते म्हणाले, "तू वर बसणार न्हवं? मग." आणि अनवाणीच येऊन बसले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. मी हळहळत होते, फोनवर बोलत होते. आप्पांनी दुसऱ्या दिवशी मला तिथं न्यायला लावलं. रस्त्यावर गर्दी, पोलीस, अजून धूर येत होता. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लाकूडकाम जुनं. असल्याला जाळ लागला की थांबवत न्हाई." आयुष्य जाळापाशी काढलेला माणूस बोलत होता. पुढचा रस्ताभर आम्ही काही बोललो नाही.

त्याआधी २०१९ चा पूर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांवर गेलं. चिखली तर पाण्यातच होती. मी शहरात अडकलेली, फोन लागत नव्हता. नंतर शेजाऱ्यांनी सांगितलं ते असं: आप्पांनी आधी म्हैस सोडवून उंचावर नेली, मग परत येऊन पेटी घेतली, आणि त्यानंतर जोंधळ्याचं पोतं. सत्तरी ओलांडलेला माणूस गुडघाभर पाण्यातून मिरजेची ती पेटी खताच्या दोन पोत्यांत गुंडाळून डोक्यावर घेऊन निघाला होता. होडीवाले म्हणाले, आजोबा, सामान ठेवा, आधी तुम्ही चढा. आप्पा पेटी आधी चढवल्याशिवाय चढले नाहीत. पूर ओसरल्यावर घराची मागची भिंत पडलेली होती. पेटी उघडली तर एकही पट्टी फुगली नव्हती.

आता आप्पांनी ऐंशी ओलांडली. गुऱ्हाळं कमी झाली, ऊस कारखान्याला जातो, गुळवे मिळत नाहीत. जी आहेत तिथली पोरं हंगामात आप्पांना मोटारसायकलवर बसवून नेतात. त्यांच्यानं आता काहिलीपाशी तासन्‌तास उभं राहवत नाही. खुर्ची टाकून बसतात आणि डोळे मिटून सांगतात. डाव्या कानानं कमी ऐकू येतं म्हणून उजवा कान काहिलीकडं करून बसतात. मजुरी घेतात. मी म्हटलं, आता कशाला पैसे, मी आहे की. ते म्हणाले, "कामाचं घ्यायचं असतं." आणि त्यातले काही दर महिन्याला माझ्या क्लासातल्या एका पोराच्या फीसाठी देतात. कुणाच्या, ते मला सांगायला त्यांनी बंदी घातली आहे.

आप्पा, तुम्हाला मी हे कधी तोंडावर बोलले नाही. आपल्या घरात असं बोलायची रीत नाही. हा अंक आला की नात तुम्हाला वाचून दाखवेल. मला जे काही येतं त्याच्या बुडाशी तुमचा कान आणि तुमची उचल आहे. मैफलीत कुणी मला दाद दिली की ती मी मनातल्या मनात चिखलीला पाठवते, हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून इथं लिहिलं.

शाळेला एक विनंती आणि एक कळवायचं आहे. चौकशी केली तेव्हा कळलं, ती प्रार्थनेची पेटी अजून भांडारात आहे. ती माझ्याकडं द्यावी. सूर जुळवून, भाता बघून मी परत आणून देईन, खर्च माझा. आणि या वर्षीपासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर पेटी शिकवायला मी येणार आहे, फी नाही. शिकायला बसणाऱ्या मुलांना हंगामात एकदा गुऱ्हाळावर नेणार. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली आहे, आप्पांनीही हो म्हटलं आहे. ते मुलांना काहिलीकडं पाठ करून उभं करतील. ज्यांना यायचं आहे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीआधी नावं द्यावीत, पालकांची चिठ्ठी आणावी. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि पायात बूट असावेत. गाडी शाळेच्या फाटकातून पहाटे चारला सुटेल.