‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमकं कुठे?

मे महिन्यात हवामान खात्याचं पत्रक आलं की आपण आधी इशाऱ्याचा रंग बघतो, पिवळा की नारिंगी. आधी शब्द वाचा. देशाच्या ३६ हवामान उपविभागांपैकी आपला ‘कोकण व गोवा’. पालघरपासून पार काणकोणापर्यंत सगळ्यांना मिळून एकच ओळ! त्या ओळीत ‘तुरळक ठिकाणी’ म्हटलं असेल तर उपविभागातल्या फार तर २५ टक्के पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर पाऊस पडेल, इतकाच अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. तेव्हा कर्जत भिजलं नि दादर कोरडं राहिलं, तरी अंदाज बरोबरच.

हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. मंगळवारी मध्यरात्री कोसळलेला पाऊस बुधवार सकाळच्या नोंदीत येतो, आणि गोंधळ इथेच होतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. आता यातली मेख बघा. एका तासात ६० मिलिमीटर पडला आणि नंतर उघडला, तर कागदावर तो ‘मध्यम’. पण तेव्हाच साडेचार मीटरची भरती असेल तर सखल भागात पाणी तुंबणारच, कारण नाल्यांचं पाणी समुद्रात जायला वाट नसते. म्हणून अंदाजासोबत भरतीची वेळ बघायची. एकाच शहरात फरक किती पडतो? २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर, कुलाब्याला ७३.४!

वळवाचं गणित मात्र वेगळं. दुपारी घाटावर ढग चढतात, आणि वरच्या थरातला वारा पूर्वेचा असेल तरच ते मुरबाड-शहापूरकडून ठाण्याकडे सरकतात. किनाऱ्याजवळ समुद्री वाऱ्याची गार हवा लागली की बरेच तिथेच विरतात. त्यामुळे दोन दिवस आधीचा अंदाज शक्यता सांगतो, वेळ नाही. वेळेसाठी दुपारी तीननंतर तीन तासांचा तात्कालिक इशारा आणि मुंबईतल्या कुलाबा किंवा वेरावलीच्या हवामान रडारचं चित्र बघा. लाल ठिपके, म्हणजे जोरदार पावसाचे ढग, पश्चिमेकडे सरकत असतील तर सावध व्हा.

पावसाच्या आधी वारा येतो, आणि खरा धोका त्याचाच. १३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग धुळीच्या वादळात पडलं. पश्चिमेचा वारा अचानक पूर्वेचा नि गार झाला, की गच्चीवरची ताडपत्री, कुंड्या, सैल पत्रे ताबडतोब बघून घ्या. फलकाखाली, झाडाखाली गाडी लावू नका.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मैदान, गच्ची, चौपाटी सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा, पाऊस थांबला तरी.