तुम्ही विचारलंत म्हणून: आशाताईनं (गावपातळीवरच्या आरोग्य सेविकेनं) लैंगिक छळाची तक्रार कुठं करायची?

"आमी तं मोबदल्यावरच्या बाया. तो छळाचा कायदा आमाले लागू होते काय?" आशाताई विचारतात, आणि उपकेंद्रात एकटी राहणारी कंत्राटी सिस्टरही.

हो, पूर्ण लागू होतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कर्मचारी म्हणजे कायम, रोजंदारी, कंत्राटी, शिकाऊ, आणि स्वेच्छेनं काम करणारीसुद्धा. ‘आशा ही स्वयंसेविका आहे’ हे वाक्य मोबदल्याच्या वादात कितीही ऐकवलं जावो, इथं चालत नाही. कामाची जागाही दवाखान्यापुरती नाही. गृहभेट, लसीकरणाचं सत्र, कार्यालयानं दिलेली गाडी, कामानिमित्त जावं लागतं ते सगळं त्यात येतं. हे असंच असायला हवं होतं. ज्या प्रकरणातून कामाच्या ठिकाणच्या छळाबद्दलचे सर्वोच्च न्यायालयाचे १९९७ चे विशाखा निर्देश आले, त्या राजस्थानातल्या भंवरीदेवी गावपातळीवर काम करणाऱ्या साथिनच होत्या.

आता तक्रार कुठं? १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी धरून मोजलं की हा आकडा बहुधा भरतो. समिती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. उपकेंद्रात १० माणसं नसतात, तिथं जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार नियोक्त्याविरुद्धच असेल तरीही तीच. त्यासाठी जिल्ह्याला खेटे घालायला नकोत: तालुक्याला एक समन्वय अधिकारी नेमलेला असायला हवा, आणि त्यानं ७ दिवसांत तक्रार पुढं पाठवायची असते. त्याचं नाव जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा.

घोटाळा होतो तो मुदतीत. ताई आधी तोंडी सांगते, साहेब ‘बघतो’ म्हणतात, गावातले चार जण ‘मिटवून टाका’ म्हणतात, आणि दिवस निघून जातात. तक्रारीची मुदत घटनेपासून ३ महिन्यांची, प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून. समिती लेखी कारण नोंदवून आणखी ३ महिने वाढवू शकते, पण त्या भरवशावर राहू नका. तडजोड फक्त बाईनं स्वतः मागितली तरच, आणि पैसे घेऊन मुळीच नाही.

तक्रार लेखी, ६ प्रतींत, साक्षीदारांची नावं-पत्ते आणि कागदपत्रं जोडून. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. आपल्याकडच्या जास्तीच्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घ्याच. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी.

खरी भीती मात्र पुढच्या ऑर्डरची असते. नूतनीकरणाआधी कामाचा अहवाल ज्याच्या सहीनं जातो, त्याच्याचविरुद्ध तक्रार कशी करायची? याची सोय नियमांत आहे आणि ती फार कमी जणींना माहीत असते: चौकशी सुरू असताना तिच्या कामाचं मूल्यमापन त्या माणसाकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडं देता येतं. बदली किंवा ३ महिन्यांपर्यंतची जादा रजाही मिळू शकते. पण हे बाईनं लेखी मागावं लागतं. बदलीच्या नावाखाली तिलाच दूरच्या उपकेंद्रात टाकतात, म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: "माझी नको, त्यांची बदली करावी, आणि माझा कामाचा अहवाल दुसऱ्या अधिकाऱ्यानं लिहावा."