औषध बंद झाले, तेव्हा खरे उपचार सुरू झाले

माझा मुलगा सात वर्षांचा होता. दिवाळीच्या नव्या कुर्त्याची गळ्याची गुंडी लागेना, तेव्हा त्याच्या गळ्याशी आलेली सूज माझ्या प्रथम लक्षात आली. तो वर्गात एका जागी बसत नाही, ही शाळेची तक्रार जुनीच होती. त्या रात्री झोपेत त्याचे मनगट धरून मी नाडी मोजली, ती मिनिटाला ११५ भरली.

इंदूरमधल्या एका डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहून थायरॉइड हार्मोन वाढल्याचे निदान केले आणि ते कमी करणारे कार्बिमाझोल हे औषध सुरू केले. चार महिन्यांनी नाडी थोडी उतरली, सूज मात्र वाढली आणि टीएसएच, म्हणजे मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला कामाला लावण्यासाठी सोडते ते हार्मोन, १४ वर गेला. तरीही औषध चालूच ठेवावे आणि पुढे रेडिओआयोडीनचा, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन देऊन थायरॉइड ग्रंथी निकामी करण्याचा विचार करावा, असे सांगण्यात आले, तेव्हा मी फार घाबरले.

आम्ही मुलांच्या हार्मोनविकारांच्या तज्ज्ञ असलेल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ताजे रिपोर्ट बाजूला सारून, औषध सुरू होण्यापूर्वीचा पहिला कागद मागितला. त्यात फ्री टी-४, म्हणजे रक्तातले मोकळे थायरॉइड हार्मोन, वाढून ३.२ होते आणि टीएसएच २.९. टीएसएचखाली रेघ ओढून त्या म्हणाल्या, "हार्मोन इतके वाढल्यावर पिट्युटरीने हा आकडा शून्याजवळ आणायला हवा होता. तो तसाच आहे, हेच खटकते."

पिट्युटरीत गाठ नसल्याची एमआरआयने खात्री झाली. मग जनुकीय तपासणीसाठी रक्त बाहेरगावी गेले आणि टीएचआरबी या जनुकात दोष सापडला. सुमारे ४०,००० जन्मांमागे एखाद्या बाळात आढळणारा हा विकार आहे. यात पिट्युटरी आणि यकृत थायरॉइड हार्मोनला नीट दाद देत नाहीत, म्हणून शरीर ते अधिक बनवते. हृदय मात्र मुख्यतः वेगळ्या प्रकारच्या ग्राहींवर (पेशींमधल्या, हार्मोनचा संदेश घेणाऱ्या प्रथिनांवर) चालते, ते ग्राही निर्दोष असल्यामुळे वाढलेल्या हार्मोनने त्याचे ठोके जलद पडतात. म्हणजे ज्या वाढीला आम्ही रोग समजून दाबत होतो, ती शरीराने स्वतःच केलेली भरपाई होती, आणि ती दाबल्यामुळेच टीएसएच चढून ग्रंथी आणखी फुगत होती.

कार्बिमाझोल बंद झाले. नाडीसाठी अगदी थोड्या मात्रेत अटेनोलॉल हे ठोके मंदावणारे औषध मिळाले. ऐकण्याची तपासणी झाली, हाडांचे वय पाहण्यासाठी हाताचा एक्स-रे झाला आणि दर काही महिन्यांनी उंची-वजन नोंदवायचे ठरले. मूळ दोष बरा करणारे औषध नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले. मला ते पचवायला वेळ लागला; मूळ दोषावर मुलाला काहीही न देणे हेही उपचार असू शकतात, हे आईच्या मनाला सहज पटत नाही. सूज हळूहळू थोडी कमी झाली आणि आता झोपेतली नाडी नव्वदीच्या आसपास असते.

दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला असण्याची शक्यता मोठी, म्हणून घरच्यांचेही रक्त तपासले. तो माझ्या यजमानांमध्ये निघाला. त्यांना कधी काही त्रास झाला नव्हता. मग रामबागेत राहणाऱ्या माझ्या थोरल्या वन्संचा विषय निघाला. तरुणपणी गळ्याच्या गाठीसाठी त्यांची थायरॉइड ग्रंथी काढली होती. तेव्हापासून त्या रोज पहाटे उपाशीपोटी थायरॉइड हार्मोनची गोळी घेतात, तरी टीएसएच खाली येत नसे, आणि गोळ्या चुकवता म्हणून त्यांना प्रत्येक डॉक्टरांची बोलणी खावी लागत. त्यांच्यातही तोच दोष निघाला. असे रुग्ण नेहमीच्या मात्रेला दाद देत नाहीत, हे आमच्या डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितले, तेव्हा वन्सं बराच वेळ पदराची कड बोटांत धरून बसल्या आणि मग एवढेच म्हणाल्या, "मी एकही दिवस गोळी चुकवली नव्हती हो."