आजोबांच्या वस्तऱ्याची मूठ

आजोबांचा जर्मनीतल्या सोलिंगेन गावचा, मिटता येणारा वस्तरा आईच्या ट्रंकेत सापडला. सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची मूठ, पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्यापाशी तडकलेली, आणि पात्यावर नेमका मुठीत झाकला जाणारा भाग गंजलेला. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं, ती पोलाद खाते. म्हणून तडा चिकटवण्यात अर्थ नव्हता, मूठच बदलायची.

आधी पात्याला जाड चिकटपट्टी गुंडाळली. हे विसरू नका, बोटं जातात. पितळी खिळ्याचं डोकं कानशीनं घासून खिळा हलकेच ठोकून काढला. जुन्या पाटाच्या शिसवी लाकडाच्या तीन मिलिमीटरच्या दोन पट्ट्या कापल्या, दुसऱ्या टोकाला त्यांच्या मधोमध पाचर बसवली. पाचर सगळ्यात महत्त्वाची. ती नीट उतरती नसली तर वस्तरा मिटताना पातं लाकडाला घासतं. माझी पहिली तिरकी झाली; दुसरी करायला अख्खा रविवार गेला.

नवा खिळा दीड मिलिमीटरच्या पितळी तारेचा. छोट्या हातोडीनं टिचक्या मारल्यासारखं ठोकत राहायचं, डोकं हळूहळू गोल पसरतं. जोर लावला की लाकूड फुटलंच.

जवसाचं तेल तीनदा चोळलं. काल आईनं तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "असाच आवाज यायचा," म्हणाली.