माटोळी कोण बांधतं?

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका घरात त्या सकाळी आमच्या दोन मुलाखतकार एकाच मुलाखतीला बसल्या होत्या. एकीने विचारायचं, दुसरीने फक्त ऐकायचं. गुण दोघींनी आपापल्या कागदावर मांडायचे आणि कागद मिटेपर्यंत एकमेकींशी बोलायचं नाही. स्मृतिभ्रंशाच्या सर्वेक्षणासाठी माणसं तयार करताना सगळ्यात जास्त वेळ याच कामाला द्यावा, असं माझं ठाम मत आहे. चाचणी लवकर पाठ होते, पण सारख्या उत्तराला सारखे गुण देण्याची सवय फार सावकाश लागते.

आजी ऐंशीच्या पुढच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. वेळ मुद्दाम सकाळची घेतली होती, कारण जेवणानंतर वृद्ध माणसं पेंगतात आणि स्मृतिभ्रंश असेल तर संध्याकाळी गोंधळ वाढतो. टीव्ही बंद केला. मुलाखतकाराच्या चेहऱ्यावर उजेड पडेल अशी खुर्ची मांडली, म्हणजे कमी ऐकणाऱ्या माणसाला ओठांचाही आधार मिळतो. सुरुवातीला दोन-चार साधे शब्द परत म्हणायला सांगून आजींना नीट ऐकू येतंय याची खात्री केली. हे टाळलं तर बहिरेपण विसराळूपणाच्या खात्यात जमा होतं. दारात उभं राहून उत्तरं पुरवणाऱ्या नातवाला दुकानात पाठवलं.

दहा शब्दांची यादी तीनदा वाचायची, साधारण दोन सेकंदांना एक शब्द. दर वेळी आठवतील तेवढे शब्द म्हणवून घ्यायचे, मग मध्ये दुसरे प्रश्न विचारायचे आणि काही मिनिटांनी यादी न वाचता तेच शब्द पुन्हा विचारायचे. आजींनी तिसऱ्या वाचनानंतर चार शब्द सांगितले. नंतर एकही नाही. यादी वाचली होती हेसुद्धा आठवेना. शिक्षण नसल्याने सुरुवातीचे गुण कमी येऊ शकतात. सगळंच पुसलं जाणं ही वेगळी गोष्ट. इथवर दोन्ही कागद जुळत होते.

मग सुनेची मुलाखत. हा भाग नसेल तर निष्कर्ष लंगडा राहतो, कारण रोजच्या वागण्यातली घसरण घरच्यांनाच ठाऊक असते. घरकामात अडचण येते का? पैशांचा हिशेब जमतो का? सून प्रत्येक वेळी म्हणाली, "ना गो, त्यांना काही करावंच लागत नाही. पिराय जाली न्ही आतां." म्हणजे, वय झालं ना आता. विचारणारीने सगळीकडे शून्य मांडलं: अडचण नाही. ऐकणारीने दोन ठिकाणी घसरण नोंदवली.

कागद मिटल्यावर मी सुनेला विचारलं, "वहिनी, चतुर्थीची माटोळी कोण बांधतं?" माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची, रानातल्या फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट.

"पूर्वी आईच. कांगले, माट्टी, घागऱ्या रानात कुठे मिळतील ते वाड्याला त्याच सांगायच्या. गेल्या दोन चतुर्थ्यांना मी बांधते."

"गुडघे दुखतात म्हणून?"

"गुडघे बरे आहेत. बांधलेलं सोडायच्या, परत बांधायच्या. हुमणातही, माशांच्या आमटीत, दोनदा मीठ पडायला लागलं, म्हणून चूल मीच घेतली."

घरच्यांनी मायेने एकेक काम हातातून काढून घेतलं की अडचण दिसायला जागाच उरत नाही. असंच मोठ्या प्रमाणावर झालेलं आकड्यांत दिसतं. जगातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्के विकसनशील देशांत असताना लोकसंख्येवर आधारित संशोधनाचा १० टक्क्यांहूनही कमी भाग त्यांच्या वाट्याला येत होता, म्हणून '१०/६६' हे नाव घेतलेल्या संशोधन गटाने २००८ मध्ये अनेक देशांतले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रूढ अमेरिकी निकषांनी भारताच्या ग्रामीण केंद्रात वृद्धांमधलं स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ०.३ टक्के निघालं, क्युबात ६.३. गटाच्या स्वतःच्या पद्धतीने मात्र सगळ्या केंद्रांतले आकडे ५.६ ते ११.७ टक्क्यांच्या दरम्यान आले.

छापील प्रश्नाचे शब्द आम्ही बदलले नाहीत. ते बदलले तर दुसऱ्या केंद्रांशी तुलनाच संपते. पुस्तिकेत पुरवणी प्रश्न घातले: हे काम पूर्वी कोण करायचं, कधी सुटलं, का सुटलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुडघा किंवा मोतीबिंदू असेल तर घसरणीचा गुण द्यायचा नाही. अति खोदून विचारलं तर निरोगी माणूसही आजारी ठरतो, आणि उदास वृद्धांच्या बाबतीत हा धोका सगळ्यात जास्त. मुलाखतकारांची सहमती प्रश्नागणिक मोजायची, कारण एकूण गुण जुळूनही आतले गुण वेगळे असू शकतात.

ही नजर तयार झालेली माणसं प्रकल्पाचा निधी संपला की हॉटेलात नाहीतर बँकेत नोकरीला लागतात आणि पुढचा प्रकल्प पुन्हा पहिल्यापासून शिकवतो. मला हे फार लागतं. गोव्यातच ८१ कुटुंबांसोबत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक सल्लागारांनी घरी जाऊन आधार दिला तेव्हा काळजी घेणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला. ते डॉक्टर नव्हते. अशांना दोन प्रकल्पांच्या मधल्या काळातही पगार मिळायला हवा, आणि आकड्यांचं विश्लेषणही इथेच शिकवायला हवं.

सर्वेक्षण म्हणजे निदान नव्हे, हे सुनेला समजावून सांगितलं आणि डॉक्टरांसाठी पत्र दिलं. थायरॉइड आणि बी-१२ ची रक्ततपासणी करून घ्या म्हटलं. त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत. घरात आजी घेतात त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्यायला सांगितलं, झोपेच्या आणि सर्दीच्यासुद्धा, कारण त्यांतल्या काहींनी या वयात गोंधळ वाढतो.